व्याह्यांना पाण्यातून काढलं तेव्हा

चहा यायचाय, तोवर सांगून टाकतो. हातात कप असताना हा किस्सा मी सांगत नाही. मागं एका पाहुण्याला ऐन घोटाला ठसका लागला, चहा नाकातून आला, आणि त्याच्या बायकोनं माझ्याशी बोलणंच सोडलं.

तर मी माझ्या पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या मुस्काटात मारली. सुपारी फुटायच्या दिवशी. आता तुम्ही म्हणाल, भांडण झालं असेल. छे हो. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटतं तरी. मी मारली ती प्रेमानं.

आमच्या कुरुंद्यात मोबाईल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. फोन लावायचा तर गच्चीवर चढावं लागायचं. आमची अर्चना बी.ए. झाली होती आणि स्थळांना नाही म्हणण्यात पटाईत झाली होती. एकाचे दात पुढं म्हणून नाही. एक जण सारखा मनगटावरचं घड्याळ दाखवतो म्हणून नाही. एक तर बिचारा चहा फुर्र करून पितो म्हणून गेला. मी तेव्हा तिच्यासमोर बसून फुर्र करूनच चहा पीत होतो, पण बाप बदलता येत नाही म्हणून माझं निभावलं.

मग पुसेगावला एका लग्नात तिनं नितीनला पाहिलं आणि घरी येऊन आईला हळूच म्हणाली, "हे चालंल." बास, एवढंच. पण सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, देवापुढं साखर ठेवली. मी पण ठेवणार होतो, पण डबा रिकामा झाला होता.

नितीनचे वडील रंगनाथराव मूळचे पुसेगावचे. ऐन तरुणपणी बांधकाम खात्यात नोकरी लागून अंदमानला गेले ते तिथलेच झाले. पोरगंही तिथंच नोकरीला. आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहायला जायचं, ही आपली रीत. घर पुसेगावात असतं तर सकाळी जाऊन दुपारी परत आलो असतो. हे घर समुद्राच्या पलीकडं! रेल्वेनं मद्रास, तिथून जहाज. जहाजात मी काय खाल्लं आणि काय राहिलं ते सांगत नाही, चहा यायचाय.

मी, सुमन आणि सुमनचा धाकटा भाऊ उत्तम, असे तिघं निघालो. मुलीच्या मामाशिवाय सुपारी फुटत नाही, म्हणून त्याला शिरड शहापूरहून मुद्दाम बोलावला. उत्तम मला फार मानतो. मी म्हटलं पाऊस येईल, की हा छत्री उघडून उभा. हे एरवी बरं असतं. त्या दिवशी नडलं.

पोहोचलो, घर पाहिलं, नारळाची झाडं पाहिली, विहीणबाईंच्या हातचं जेवलो. शकुंतलाबाई म्हणजे सोन्यासारखी बाई. सगळं ठरल्यात जमा होतं. रंगनाथराव म्हणाले, "उद्या संध्याकाळी सुपारी फोडू. दिवसभर काय करता घरी बसून? जंगल दाखवतो, समुद्रातलं प्रवाळ दाखवतो. लहानशी बोट असते, गाईड असतो, दहाएक माणसं नेतात. आपणच जास्त असू."

अर्चनाला सांगून ठेवलं होतं, सुपारी फुटली की शेजारच्या गुरुजींच्या घरी फोन करू. पोरगी त्या फोनपाशी बसून राहणार हे मला ठाऊक होतं. तेवढं लक्षात ठेवा.

सकाळी निघालो. आम्ही तिघं, ते तिघं, एक बंगाली नवरा-बायको आणि थॉमस नावाचा गाईड. बोटीनं एका बेटावर उतरलो आणि आधी जंगलात शिरलो. झाडं अशी उंच की टोपी पडावी. पायवाट एका माणसापुरती. आणि इथं आमचा पहिला खोळंबा झाला. मी मुलीचा बाप, व्याह्यांच्या पुढं कसा चालू? रंगनाथराव यजमान, ते पाहुण्याच्या पुढं कसे चालतील?

"तुम्ही चला दत्तराव."

"न्हाई न्हाई, तुमी आधी."

"अहो, तुम्ही पाहुणे."

"पाहुणा असलो तरी पोरीचा बाप हाय. चला तुमी."

मागं बंगाली जोडपं डास मारत उभं. शेवटी थॉमसनं दोघांचे दंड धरून आम्हाला शेजारी-शेजारी आडवं चालवलं. दोन्हीकडच्या काट्यांनी दोघांचेही सदरे फाटले, पण मान कुणाचा गेला नाही.

थोडं पुढं उत्तमच्या पोटरीला जळू लागली. बंगालीबाई किंचाळल्या, थॉमस पिशवीत मीठ शोधायला लागला. उत्तमनं शांतपणे तंबाखूची डबी काढली आणि बोटानं जळवेला चुना लावला. जळू खाली. रंगनाथराव खूश. म्हणाले, "वा. गावाकडचे इलाज ते गावाकडचे इलाज. आम्ही इथं राहून सगळं विसरलो."

झालं. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. माझी छाती फुगली. सुपारी खिशात आल्यासारखं वाटलं. आता आणखी एखादा गावाकडचा इलाज दाखवायची संधी मिळाली तर बरं, असंही वाटून गेलं. देव कधी कधी लगेच ऐकतो.

दुपारी दुसऱ्या एका लहान बेटावर आलो. पांढरी वाळू, हिरवं पाणी. थॉमसनं सगळ्यांना गोळा केलं आणि पाण्यात कसं उतरायचं ते हिंदीत सांगायला लागला. मी मात्र तिथं थांबलो नाही. काहून? अहो, रंगनाथराव सदरा काढत होते! आतली बंडी आणि गुडघ्याच्या वर अर्धी चड्डी. आता व्याह्यांना असं पाहायचं? ज्या माणसाला उद्या मांडवात फेटा बांधायचा, त्याच्या मांड्या आज पाहायच्या? मी आणि उत्तम उठलो, लांब एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर जाऊन समुद्राकडं पाठ करून बसलो. सुमन आणि विहीणबाई मागच्या झाडीत डबे सोडायला गेल्या होत्या. आम्ही तंबाखू मळत जंगलाकडं तोंड करून बसलो आणि मनात म्हणालो, संस्कार म्हणतात ते हे.

थॉमस, नितीन आणि ते बंगाली जोडपं बोटीत बसून जरा पुढं, खोल पाण्याकडं गेले. रंगनाथराव एकटे काठाजवळच उतरले. हे मला नंतर कळलं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोहण्यात आमच्या गावात माझं नाव आहे. विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. विहिरीत कुणी पडलं की लोक आधी माझ्या घराकडं पळतात. माणसं काढली, एक म्हैस काढली, एक पिऊन पडलेला पोलीस पाटलाचा मेहुणा तर दर दिवाळीला काढतो. आणि विहिरीचं एक गणित असतं. पडलेला माणूस ओरडत असेल, हातपाय झाडत असेल, तर घाई नको. त्याच्यात दम आहे. पण पालथा पडलेला, तोंड पाण्यात, हात पसरलेले आणि हालचाल नाही, असं दिसलं की कपडे काढायलाही थांबायचं नाही. आमच्याकडं तोंड पाण्यात घालून हौसेनं कुणी पडून राहत नाही. तसा जो पडतो त्याच्यासाठी पुढं तिरडीची सोय करावी लागते.

बराच वेळ झाला. उत्तमनं थुंकायला म्हणून मान वळवली आणि तशीच ठेवली.

"दाजी."

"काय रे?"

"ते व्याही... हलून न्हाई राहिले."

मी वळून पाहिलं. माझ्या हातातली तंबाखू सांडली. पाण्यावर पांढरी बंडी. फुगलेली. हात दोन्हीकडं पसरलेले, तोंड पाण्यात, पाय मोकळे सुटलेले. लाट आली की अंग वर, लाट गेली की खाली. स्वतःहून काही नाही.

खरं सांगतो, पहिल्यांदा डोळ्यापुढं रंगनाथराव आलेच नाहीत. अर्चना आली. गुरुजींच्या घरी फोनपाशी बसलेली. सुपारी फुटायच्या दिवशी सासरा गेला म्हटल्यावर लोक पोरीला काय म्हणतील? पांढऱ्या पायाची म्हणतील. मग कुठलं लग्न आणि कुठलं काय. जन्मभर तिच्या माथी तो शिक्का. मी बोंब ठोकली आणि पळालो.

विहिरीची सवय वाईट. काठ दिसला की सूर मारायचा. मी अंगातल्या सदऱ्या-पँटीसकट झोकात सूर मारला. पाणी होतं गुडघ्याएवढं! खाली वाळू नव्हे, ते प्रवाळ. छातीपासून पोटापर्यंत खरवडून निघालो. उठलो, परत पोहायला लागलो, परत खरवडलो. चालत गेलो असतो तरी चाललं असतं हे मला घरी आल्यावर सुचलं.

बुडणाऱ्याला समोरून धरायचं नसतं, तो मिठी मारतो आणि आपल्यालाही घेऊन जातो. म्हणून मी मागून गेलो. केसांची मूठ आवळली आणि हिसका दिला. तोंड वर आलं. तोंडावर काच! आणि तोंडात एक नळी!

आता तुम्ही म्हणाल, अहो, तिथं तरी डोकं चालवायचं. चालवलं ना. मला वाटलं समुद्राच्या तळाचं काहीतरी तोंडात शिरलंय. कुणाला ठाऊक समुद्रात काय काय असतं? मी सगळा जोर लावून ती नळी उपटली. रंगनाथरावांनी आ केला, आणि तेवढ्यात लाट आली. म्हणजे जो माणूस आतापर्यंत कोरडा होता, त्याच्या पोटात पहिलं पाणी माझ्यामुळं गेलं.

त्यांनी हातपाय झाडले. मी ओरडलो, "उत्तम, जीव हाय!"

उत्तमनं पाय धरले, मी काखेत हात घातले, काठावर आणलं. आमच्याकडं बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर पालथं घालून फिरवतात, म्हणजे पोटातलं पाणी निघतं. त्या बेटावर कुंभार कुठून आणू? दुसरा इलाज खांद्याचा. मी रंगनाथरावांना खांद्यावर उलटं टाकलं, डोकं माझ्या पाठीकडं, आणि वाळूवर पळत सुटलो. बाजूनं उत्तम पळतोय, त्यांच्या पाठीत दणके घालतोय. "निघून राहिलं दाजी, पाणी निघून राहिलं. अजून पळा."

पाठीमागून आवाज येत होता, "अरे... सो... अरे..." प्रत्येक पावलाला शब्द तुटत होता. मला वाटलं वात झाला. त्यांनी मला गुडघा मारला. मी म्हटलं, झटके येऊन राहिले, आता वेळ न्हाई. वाळूवर उताणं टाकलं. उत्तम त्यांच्या पायांवर बसला. शुद्ध जाऊ द्यायची नसते, म्हणून मी, देवाशपथ काळजीनं, त्यांच्या गालावर एक ठेवून दिली.

आणि त्याच वेळी झाडीतून शकुंतलाबाई आल्या. हातात पुऱ्यांचा डबा. मागं सुमन.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या जागी उभं राहून पाहा. मुलीचा मामा नवऱ्याच्या पायांवर बसलाय, मुलीचा बाप छातीशी बसून मुस्काटात मारतोय, आणि नवरा उघड्या डोळ्यांनी आभाळाकडं पाहतोय. डबा वाळूत पडला. सुमन फक्त एवढंच म्हणाली, "आवो?"

"घाबरू नका," मी विहीणबाईंना म्हणालो, "वाचले."

रंगनाथराव उठून बसले. खोकले. आणि मग इतक्या वर्षांच्या अंदमानातून, त्या साहेबी मराठीतून, त्यांचं अख्खं पुसेगाव बाहेर आलं.

"काहून मारून राहिले रे मला? म्या काय केलं तुमचं? मासे पाहून राहिलो होतो ना म्या! निळा मासा आला होता तोंडापुढं!"

मासे? मी उत्तमकडं पाहिलं. उत्तमनं माझ्याकडं पाहायला पाहिजे होतं, पण तो समुद्राकडं पाहत होता. तो हळूहळू उठला. तोंड पांढरं.

"दाजी. अजून तिघं."

पाहिलं तर खरंच. बोटीच्या आजूबाजूला तीन देह पालथे. बंगाली नवरा, बंगाली बायको आणि आमचा होणारा जावई. आणि बोटीत बसून थॉमस केळं खातोय! उत्तमनं सदरा फेकला आणि धावत पाण्यात शिरला. रंगनाथराव ओरडले, "धरा त्याला! पोराला मारंल ते!" मी कमरेला मिठी घालून उत्तमला आडवा केला. तो माझ्या हातातून निसटायला पाहत रडत होता, "सोडा दाजी, जावई हाय तो आपला."

थॉमस आला. त्यानं ती काच आणि नळी दाखवून सगळं पुन्हा समजावून सांगितलं. "साब, ये तो सब ऐसे ही करते हैं। पहले ही बताया था ना।" बताया था. मी तेव्हा जंगलाकडं तोंड करून संस्कार पाळत होतो.

परतीच्या बोटीत रंगनाथरावांचा एक गाल लाल, मान वाकडी. शकुंतलाबाई त्यांच्याकडं पाहत नव्हत्या, आमच्याकडंही नाही. नितीन आईच्या कानाशी काहीतरी विचारत होता आणि ती मान हलवत होती. बंगाली मात्र उत्तमकडं टक लावून पाहत होता आणि बायकोला त्याच्यापासून लांब सरकवत होता.

सुमन माझ्या कानाशी म्हणाली, "पोरीला काय सांगू आता?"

छाती आगीसारखी जळत होती, पण त्याचं काही वाटत नव्हतं. एवढी वर्षं नाही नाही म्हणणारी पोरगी एकदा हो म्हणाली, आणि बापानं ते समुद्रात घातलं. डोळ्यांत पाणी आलं. मी मान फिरवली, तर थॉमसला वाटलं मला बोट लागली. त्यानं माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली.

संध्याकाळी बैठकीत बसलो. मध्ये पाट, पाटावर सुपारी, हळद-कुंकू. आमची बॅग मी आधीच भरून दाराशी ठेवली होती, उगीच कुणाला जा म्हणायची तकलीफ नको. रंगनाथराव आले. मानेला गरम तेल लावलेलं, वर मफलर. बसले. सुपारी उचलली, परत पाटावर ठेवली.

मग म्हणाले, "दत्तराव, एक सांगा. खरं सांगा. माझ्यासाठी एवढी उडी काहून मारली? तुमची-माझी तर नीट ओळख बी न्हाई."

इथं शहाण्या माणसानं काय म्हणावं? म्हणावं, की व्याही, तुम्ही आम्हाला भावासारखे. सुमननं मला तसं डोळ्यांनी सुचवलं सुद्धा. पण खरं सांगा म्हटलं की माझ्या तोंडाला खरंच येतं.

मी म्हणालो, "तुमच्यासाठी न्हाई मारली. तुमी आज गेले असते तर लोकांनी माझ्या लेकराला पांढऱ्या पायाची म्हटलं असतं. तुमी सुपारी फुटल्यावर, लग्न लागल्यावर, दोन-चार वर्षांनी कधीतरी बुडले असते तर म्या आधी जरा विचार केला असता."

उत्तमनं डोळे मिटले. सुमननं पदर तोंडात कोंबला. आणि मलाही तोंडातून निघाल्यावर कळलं, आपण काय बोललो ते. मुलाच्या बापाला त्याच्या घरात बसून, कधी मेलात तर चालेल, हे सांगितलं होतं.

पहिल्यांदा शकुंतलाबाईंचं हसू फुटलं. त्या भिंतीला टेकून हसायला लागल्या, हसता हसता खाली बसल्या. मग नितीन. रंगनाथराव हसले नाहीत. त्यांनी मानेवरचा मफलर नीट केला. मग म्हणाले, "बराबर हाय. मला बी पोरगी असती तर म्या हेच केलं असतं." आणि बायकोला म्हणाले, "सुपारी फोडा. पण बत्ता यांच्या हातात देऊ नका."

सुपारी फुटली. फोन लावला. अर्चनानं पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं बाबा?" म्हणाली. मी म्हणालो, "फुटली." माझ्या हातातून फोन घेऊन रंगनाथराव तिला म्हणाले, "पोरी, तू खुशाल ये. फक्त बापाला पाण्यापासून लांब ठेव."

लग्न पुसेगावला झालं. मी दोन दिवस नुसता लोकांना जेवा जेवा म्हणत फिरत होतो, छाती कधीची बरी झाली होती, आणि मला वाटत होतं की ती गोष्ट समुद्रापलीकडंच राहिली. भटजींनी माईकवरून पुकारलं, "व्याहीभेट." मी हार घेतला, हात पसरले आणि मोठ्या प्रेमानं पुढं झालो.

रंगनाथराव दोन पावलं मागं सरकले.

माईक समोरच होता. ते शांतपणे म्हणाले, "भेटतो ना. भेटायला ना न्हाई. पण आधी यांचे हात धरा कोणीतरी."

अल्बममध्ये तो फोटो आहे, चहा झाला की दाखवतो. फेटा बांधलेले रंगनाथराव मला कडकडून मिठी मारतायत, आणि माझे दोन्ही हात पाठीमागं उत्तमनं घट्ट पकडून ठेवलेत. ज्याला गोष्ट ठाऊक नाही तो प्रत्येक जण तो फोटो पाहून एकच विचारतो, नवरीचा बाप मांडवातून पळून चालला होता काय?